सर जोसेफ भोर : आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रामागचा माणूस

सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाऊन आलेले आजी-आजोबा अंबरनाथ पूर्वेतल्या माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा बीपी मोजून होईपर्यंत तिथल्या हॉस्पिटलची गोष्ट सांगून होते. लंडनमध्ये बाळ झाले आणि घरी जाताना कोणी बिल हातात दिले नाही. न्यूझीलंडमध्ये नर्स घरी येऊन बाळाचे वजन करून गेली. मग पुढचा प्रश्न ठरलेला : आपल्याकडे असे का नाही?

हा प्रश्न आपल्या देशात सरकारी पातळीवर स्वातंत्र्याच्याही आधी विचारला गेला होता, १९४३ मध्ये. त्यासाठी नेमलेल्या समितीने निरनिराळ्या देशांच्या आरोग्य व्यवस्था शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, बाहेरचे जाणकार बोलावले आणि भारतासाठी आराखडा तयार केला. समितीचे अध्यक्ष होते सर जोसेफ विल्यम भोर. जन्म नाशिकचा. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला भोर समिती पाठ असते, कारण परीक्षेत ती हमखास येते. पण ज्याच्या नावाने समिती ओळखली जाते तो माणूस कोण, हे आम्हाला कोणी शिकवले नाही. रुग्णांच्या कानावर तर ते नावही पडत नाही. तालुक्याच्या गावांत लसीकरणासाठी, तापासाठी, गरोदरपणाच्या तपासणीसाठी लोक ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात, त्याची कल्पना मात्र याच समितीच्या अहवालातून आली आहे.

<b>डॉक्टर नसलेला अध्यक्ष</b>

भोर यांचा जन्म ६ एप्रिल १८७८ चा. शिक्षण पुण्यात, बिशप्स हायस्कूल आणि डेक्कन कॉलेजात, आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. त्यांची तरुणपणाची वर्षे ही प्लेगची वर्षे होती. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात रँडचा खून झाला. साथ आली की सरकार घरात शिरते, सामान बाहेर काढते, माणसे छावणीत नेते, आणि साथ ओसरली की फिरकत नाही, हे त्या पिढीने जवळून पाहिले होते.

१९०२ मध्ये ते आयसीएसमध्ये दाखल झाले आणि मद्रास प्रांतात नोकरीला लागले. १९११ मध्ये त्यांनी मार्गारेट स्टॉट यांच्याशी लग्न केले. त्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या पदवीधर डॉक्टर होत्या. म्हणजे भोर स्वतः डॉक्टर नव्हते, पण घरात डॉक्टर होती. १९१४ ते १९१९ ते कोचीन संस्थानचे दिवाण होते. नंतर लंडनमध्ये भारताचे हंगामी उच्चायुक्त, १९२८ ते १९३० सायमन कमिशनचे सचिव, आणि १९३० ते १९३५ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य. आधी उद्योग व मजूर खाते, मग व्यापार व रेल्वे. जपानशी कापडाच्या व्यापाराच्या वाटाघाटी झाल्या, त्याही त्यांनीच केल्या.

सायमन कमिशनच्या विरोधात देशभर काळे झेंडे निघत होते, तेव्हा हा माणूस त्याच कमिशनच्या कचेरीत बसला होता. त्यामुळे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली नाही यात नवल नाही. ते इंग्रज सरकारचे अधिकारी होते, पुढारी नव्हते. माझ्या मते या कामासाठी असाच माणूस लागत होता. डॉक्टरांची समिती डॉक्टरांच्या हाती दिली की ती हॉस्पिटले आणि पदव्या यांवरच बोलत राहते. भोरांनी रेल्वे, मजूर आणि व्यापार ही खाती सांभाळली होती. पैसा कुठून येतो आणि माणूस कामावर कसा नेमतात, हे त्यांना माहीत होते.

<b>१९४३ चा ऑक्टोबर</b>

समिती नेमली गेली तेव्हा भोर ६५ वर्षांचे होते आणि निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. महायुद्ध चालू होते. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती, आणि त्यातली पुष्कळशी नुसत्या भुकेने नाही, तर भुकेबरोबर आलेल्या मलेरियाने आणि कॉलऱ्याने. अशा वेळी देशाच्या आरोग्याची पाहणी करून पुढच्या काळासाठी योजना सुचवा, असे काम समितीला दिले गेले.

सदस्यांत डॉ. बिधनचंद्र रॉय होते, मद्रासचे डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार होते, आणि मुंबईचे मजूर नेते ना. म. जोशी होते. लोअर परळला उतरणाऱ्यांना ना. म. जोशी मार्ग ठाऊक असेलच, तेच हे जोशी. डॉ. जॉन ग्रँट हे कोलकात्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचे प्रमुख होते आणि त्याआधी अनेक वर्षे चीनमध्ये काम करून आले होते.

१९४४ च्या अखेरीस बाहेरचे तज्ज्ञ सल्ला द्यायला आले. ब्रिटनहून ऑक्सफर्डचे प्राध्यापक जॉन राइल आले. डॉ. जॅनेट व्हॉन आल्या, ज्यांनी युद्धकाळात लंडनमध्ये रक्तपेढ्या उभारल्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य खात्याचे प्रमुख कम्प्स्टन आले, अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले माउंटिन आले. हेन्री सिगेरिस्ट आले, ते मूळचे स्वित्झर्लंडचे आणि अमेरिकेत वैद्यकाचा इतिहास शिकवणारे. सोव्हिएत रशियातली आरोग्य व्यवस्था पाहून त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले होते, आणि भारतात येण्याआधी थोडेच दिवस कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताला आरोग्य योजना आखून दिली होती. कॅनडाची आजची सार्वजनिक आरोग्य व्यवस्था याच प्रांतातून सुरू झाली.

<b>आकड्यांचा ताळा</b>

समितीने केलेली तुलना आजही वाचताना पोटात गोळा येतो. १९३७ मध्ये ब्रिटिश भारतात जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी १६२ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. इंग्लंड-वेल्समध्ये हा आकडा ५८ होता, न्यूझीलंडमध्ये ३१. भारतात जन्मलेल्या माणसाचे सरासरी आयुर्मान जेमतेम २७ वर्षे, न्यूझीलंडमध्ये ६५ च्या आसपास. भारतातल्या एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे दहा वर्षांखालच्या मुलांचे होते, इंग्लंडमध्ये दहा टक्के. दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणात जात होत्या.

मनुष्यबळाचा हिशोब असा : ब्रिटिश भारतात सुमारे ४७,५०० डॉक्टर, म्हणजे ६,३०० लोकांमागे एक. ब्रिटनमध्ये १,००० लोकांमागे एक. नर्स फक्त ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. ब्रिटनमध्ये ३०० मागे एक. रुग्णालयातल्या खाटा भारतात हजार माणसांमागे ०.२४, इंग्लंडमध्ये ७ च्या वर, अमेरिकेत १० च्या वर. आणि जे डॉक्टर होते, त्यांतले बहुसंख्य शहरांत.

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा बालमृत्यूचा आकडा १६ होता. १९३७ च्या न्यूझीलंडच्या निम्मा. आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

देशांची तुलना करताना एक चूक सहज होते. दुसऱ्याकडे जास्त हॉस्पिटले आहेत, म्हणून ते जगतात, असा निष्कर्ष काढला जातो. समितीने तसे केले नाही. न्यूझीलंडची बाळे वाचत होती ती दुधामुळे, स्वच्छ पाण्यामुळे, शिकलेल्या आयांमुळे आणि घरी येणाऱ्या नर्समुळे. औषध हा त्यातला एक भाग होता. म्हणून अहवालात घरबांधणी, गटारे, पोषण आणि शाळा यांवर पानेच्या पाने आहेत. रोग झाल्यावर उपचार करणारा आणि रोग होऊ नये म्हणून काम करणारा, हे दोघे एकाच छपराखाली, एकाच डॉक्टरच्या हाताखाली असावेत, ही समितीची मुख्य शिफारस. त्या काळी ही दोन वेगवेगळी सरकारी खाती होती आणि ती एकमेकांशी फारसे बोलत नसत.

<b>पैसे कोणी द्यायचे?</b>

रुग्णांच्या दृष्टीने अहवालातला सर्वात महत्त्वाचा भाग हा आहे. त्या वेळी जगात तीन रस्ते दिसत होते.

पहिला रस्ता विम्याचा. जर्मनीने १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा सुरू केला, ब्रिटनने १९११ मध्ये. पगारातून थोडे पैसे कापायचे, थोडे मालकाने घालायचे, आणि आजारी पडल्यावर डॉक्टर मोफत. पण ब्रिटनच्या त्या योजनेत एक मोठे भोक होते. विमा कामगाराचा होता, त्याच्या बायको-मुलांचा नव्हता. गिरणीतल्या माणसाला डॉक्टर मिळे, घरातल्या बाळंतिणीला नाही. दुसरा रस्ता रशियाचा. सगळे दवाखाने सरकारी, सगळे डॉक्टर पगारी. तिसरा रस्ता न्यूझीलंडने १९३८ च्या कायद्याने धरला होता आणि ब्रिटन त्याच दिशेने निघाले होते. व्यवस्थेचा खर्च सार्वजनिक निधीतून करायचा आणि हॉस्पिटलचा उपचार सर्वांना मोफत द्यायचा. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा प्रत्यक्षात ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, म्हणजे भोर अहवालानंतर दोन वर्षांनी.

भोर समितीने विम्याचा रस्ता देशासाठी मुख्य मार्ग म्हणून नाकारला. कारण साधे होते. विम्यासाठी दरमहा ठरलेला पगार लागतो, आणि भारतातल्या बहुसंख्य लोकांना तो नव्हता. शेतमजुराच्या कोणत्या पगारातून हप्ता कापणार? म्हणून सेवा सर्वांना मोफत असावी, ज्याची ऐपत आहे त्याने आपला वाटा कराच्या रूपाने द्यावा, आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व अहवालात पहिल्या क्रमांकावर आले. मजूर नेते जोशी सदस्य असतानाही समितीने फक्त गिरणी कामगारांचा विचार केला नाही, हे मला विशेष वाटते.

कामगारांसाठीचा विमा वेगळ्या वाटेने आला. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये त्याचा अहवाल दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. आपण ज्याला ईएसआय म्हणतो, ते हेच.

<b>कागदावरचे आरोग्य केंद्र</b>

१९४६ मध्ये अहवाल चार खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात दोन योजना होत्या. दूरची योजना तीसचाळीस वर्षांची : १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचे रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचे, आणि जिल्ह्याला २,५०० खाटांचे. जवळची योजना बरीच माफक होती. ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, एक नर्स, चार सुईणी, चार प्रशिक्षित दाया, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य सहायक, एक औषधनिर्माता आणि इतर पंधरा कर्मचारी. एकूण ३५ माणसे. यातले डॉक्टर दोनच आहेत. गावाने स्वतःची आरोग्य समिती नेमावी, असेही सुचवले होते.

२ ऑक्टोबर १९५२ पासून सामूहिक विकास योजनेखाली प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. पण ४०,००० लोकांमागे एक नव्हे, तर एका विकास गटाला एक, म्हणजे कितीतरी जास्त लोकांमागे. इमारत आली, माणसे पुरी आली नाहीत. भोर समितीतले मुदलियार यांच्याच अध्यक्षतेखाली पुढे दुसरी समिती नेमली गेली. १९६२ मध्ये त्यांनी सांगितले की नवी केंद्रे उघडण्याआधी असलेली नीट चालवा. आता सपाटीवर ३०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक केंद्र असा निकष आहे. तो भोरांच्या जवळच्या योजनेपेक्षा चांगला आहे. ३५ माणसांचा आकडा मात्र मागेच राहिला.

<b>एलएमपी डॉक्टर गेले कुठे?</b>

अहवालातली एक शिफारस मला पटत नाही. त्या काळच्या ४७,५०० डॉक्टरांपैकी सुमारे ३०,००० एलएमपी होते. कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करणारे. जुन्या माणसांना असे एखादे डॉक्टर आठवत असतील. समितीने हा अभ्यासक्रम बंद करून सगळीकडे एकच पदवी ठेवायला सांगितले. काही सदस्यांचे मत वेगळे होते, ते त्यांनी नोंदवलेही. बहुमताचा विचार असा की गावातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का द्यायचा? भावना चांगली होती. झाले असे की दुय्यम म्हटलेला डॉक्टर गेला आणि पदवीधर गावात पोहोचलाच नाही. आता तर पाटीवर नुसते एमबीबीएस पाहिले की नातेवाईक विचारतात, एमडी कधी करणार? भोरांना अपेक्षित असलेला साधा, सर्व आजारांकडे पाहणारा, घरचा डॉक्टर तो हाच.

इथे तुलनेसाठी निवडलेले देशही नडले असावेत. न्यूझीलंडची लोकसंख्या तेव्हा वीस लाखांच्याही आत होती. ग्रँट ज्या चीनमधून आले होते, तिथे खेड्यातल्याच माणसांना थोडे शिकवून आरोग्याची कामे देण्याचा प्रयोग झाला होता. आपल्याकडे ती वाट १९७० नंतर जामखेडला आरोळे दांपत्याने दाखवली, आणि सरकारने २००५ मध्ये आशा कार्यकर्तीच्या रूपाने उचलली.

<b>आपल्या पट्ट्यात आज</b>

भोर यांचे निधन १९६० मध्ये झाले, वयाच्या ८२ व्या वर्षी. त्यांच्या समितीने सुचवलेली राष्ट्रीय वैद्यकीय संस्था तोपर्यंत दिल्लीत एम्स या नावाने सुरू झाली होती. शहरांत वाढत चाललेले खासगी नर्सिंग होम त्यांच्या आराखड्यात कुठेच नव्हते.

आता त्यांचे माप आपल्याला लावून बघा. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथ शहराची लोकसंख्या २,५३,४७५ होती. समितीने पहिल्या दहा वर्षांत हजार लोकांमागे एक खाट धरली होती, म्हणजे अंबरनाथला सुमारे २६० सार्वजनिक खाटा. दूरच्या योजनेतले माप ५.६७ चे. त्याने १,४०० च्या वर. बदलापूर, उल्हासनगरचा हिशोब वेगळा. प्रत्यक्षात अवघड केस झाली की आपण उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाकडे किंवा थेट ठाणे-मुंबईच्या लोकलकडे बघतो.

आणि पैशाचे म्हणाल तर समितीने मागे टाकलेले आणि धरलेले सगळेच रस्ते आपल्याकडे एकाच वेळी चालू आहेत. एमआयडीसीत कायम असलेल्या आणि पगार मर्यादेत बसणाऱ्या कामगाराचे ईएसआय असते. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि आता कुटुंबही त्यात येते. शेजारच्या मशीनवर ठेकेदाराकडून आलेल्या माणसाकडे पुष्कळदा कार्ड नसते, किंवा ठेकेदार बदलला की ते बंद पडलेले असते. ऑपरेशन, अँजिओप्लास्टी, डायलिसिस यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत, पण योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत उपचार मोफत झाले आहेत.

नेमकी अडचण रोजच्या गोळ्यांची आहे. बीपी, मधुमेह, थायरॉइड, दमा. यासाठी कोणी ॲडमिट होत नाही, म्हणून विमा योजना तिथे उपयोगी पडत नाही. खिशातून पैसे जातात, महिनाअखेरीस गोळी चुकते, आणि दोन वर्षांनी तोच रुग्ण पक्षाघात होऊन येतो. मग पाच लाखांची योजना कामाला लागते. भोर समितीची व्यवस्था नेमकी उलट्या टोकाने सुरू होत होती, घराजवळच्या केंद्रातून.

घरात कोणाच्या बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या कायमच्या चालू असतील तर जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, नागरी आरोग्य केंद्र किंवा आपला दवाखाना इथे एकदा चौकशी करा. नेहमीच्या गोळ्यांपैकी बऱ्याचशा तिथे मोफत मिळतात. जाताना जुनी चिठ्ठी आणि शेवटचे रिपोर्ट न्या. गोळीचे नाव वेगळे दिसले तर घाबरू नका, औषध तेच असू शकते. पाकिटावरचे घटक आणि मिलीग्रॅम मला किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि तोवर चालू गोळी बंद करू नका.